तियापुलचा बाप

"एदा, त्या टोकावर पाय द्या. परत गुंडाळतंय ते," लाम्रिया म्हणाली.

नुर्माइदाने चपला काढल्या आणि फलकाच्या डाव्या टोकावर पाय ठेवला. सहा मीटर लांबीचं ते प्लास्टिकचं कापड सकाळीच बालिगेच्या छापखान्यातून आलं होतं आणि त्याला अजून शाईचा वास होता. तिच्या भावाच्या, पार्लिनच्या, बाहेरच्या खोलीत ते मावेना, म्हणून उजवं टोक उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेलं होतं. तिथे पार्लिन उभा होता, तोंडात विडी आणि पायाखाली स्वतःची तीन मुलं, म्हणजे त्यांची नावं.

नणंद-भावजय एकमेकींना एदाच म्हणतात. तेवढा एक शब्द दोघींना तीस वर्षं सारखा वाटून मिळाला होता. बाकी काही सारखं वाटलं गेलं नाही, असं नुर्माइदाला वाटे.

फलकावर दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत जगात काय घडलं ते: डच फौज तोबा तळ्याकाठी आली ते १८७८, राजा पडला ते १९०७, तापाची साथ १९१८, जपानी १९४२, स्वातंत्र्य १९४५. खालच्या ओळीत घराण्यातले पुरुष, प्रत्येकाच्या आयुष्याची एक रंगीत पट्टी. कोणाच्या आयुष्यात काय आलं ते एका नजरेत कळावं, अशी ती कालरेषा होती. शनिवारी नव्या समाधीत पूर्वजांच्या अस्थी ठेवायच्या होत्या. मेदान, जकार्ता, बाताम, सगळीकडून कूळ जमणार होतं, आणि हा फलक मांडवात समोर लागणार होता.

कालरेषेची कल्पना नुर्माइदाची. वरच्या ओळीतली प्रत्येक तारीख तिच्या वहीतली. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं रक्तपेशी मोजून निवृत्त झाल्यावर ती नऊ वर्षं पूर्वज मोजत होती. मागच्या वर्षी लाम्रियाने वही मागितली. "दोन दिवस द्या एदा, नुसती बघते." दोन दिवसांचे आठ महिने झाले.

"आणि हा पाहिलात का, हा लाल?" लाम्रियाने शेजारणींना बोट दाखवलं. "हा आपल्याला माहीतच नव्हता. आमा तियापुल. मिशनच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मिळाला, १८९३. ओम्पु लिंडुंगचा बाप असणार. एवढी वर्षं कोणाच्या तोंडी नाव नाही."

"म्हणजे आमच्या पिढ्या एकाने वाढल्या," पार्लिन म्हणाला. "मी सोळावा होतो, आता सतरावा."

"आमा दामे, तुला सोळा काय आणि सतरा काय," शेजारीण म्हणाली. "डुकराचं मटण मिळाल्याशी कारण."

सगळ्या हसल्या. लाम्रियाचं हसू सगळ्यांत शेवटपर्यंत टिकलं. बावन्नाव्या वर्षीही ती हसली की खोलीतली माणसं तिच्याकडे वळत. नुर्माइदाने आपल्या पायाकडे पाहिलं. पायाशेजारी, अगदी खालच्या कोपऱ्यात, लहान अक्षरांत छापलं होतं: मांडणी आणि संशोधन, लाम्रिया. तिने ती ओळ दोनदा वाचली. दुसरं नाव नव्हतं.

"झकास झालंय," ती म्हणाली.

"तुमच्या तोंडून ऐकलं म्हणजे पावलं," लाम्रिया म्हणाली आणि शेवटी तिची वही व वर एक झेरॉक्स तिच्या हातात दिली. "हे मिशनच्या वहीतलं पान. तुमच्या फायलीत ठेवा, माझ्याकडे हरवेल."

नऊ वर्षं, नुर्माइदा घरी चालत येताना मनात म्हणत होती. नऊ वर्षं ती चर्चच्या कचेऱ्यांत धूळ खात बसली होती, म्हाताऱ्यांच्या पुढ्यात ताडी ठेवून त्यांच्याकडून नावं काढत होती. तिला एकही नवा पूर्वज सापडला नव्हता. आणि हिला एका दुपारी सापडावा. तोही लाल रंगात. आणि ही तर परक्या घरातून आलेली. तरी फलकावर पार्लिनच्या शेजारी हिच्या बापाचं कूळ होतं, खाली हिचे तिघे मुलगे होते. नुर्माइदा याच घरात जन्मली आणि तिची पट्टी नव्हती. मुलींची नसतेच. लग्न करून गेलेल्या मुली दुसऱ्यांचं घर वाढवतात, आणि न गेलेल्या काहीच वाढवत नाहीत.

घरी आल्यावर तिने दार लावलं आणि आलेखाचा कागद काढला. तिला ठाऊक होतं ती काय शोधते आहे. प्रयोगशाळेत नव्या मुलीची काचपट्टी पुन्हा तपासायला घेतानाही तिला ठाऊक असे.

लाम्रियाने जिथे वय माहीत नव्हतं तिथे पंचवीस वर्षांचं अंतर धरलं होतं. आमा तियापुलची लाल पट्टी तिने १८३३ पासून ओढली होती, म्हणजे बाप्तिस्मा साठाव्या वर्षी. नुर्माइदाने चष्मा पुसला आणि झेरॉक्स खिडकीपाशी नेली. जुनं मिशनरी वळण होतं, अक्षरं एकमेकांवर रेललेली. पहिल्या ओळीत नाव. दुसऱ्या ओळीत वय: अंदाजे पस्तीस.

पस्तीस. म्हणजे जन्म १८५८.

ओम्पु लिंडुंग डच फौज आली तेव्हा वीस वर्षांचा होता, हे तिला तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं. म्हणजे जन्म १८५८. बाप आणि मुलगा एकाच वर्षी जन्मलेले. तिने दोन पट्ट्या कापल्या, एकीवर दुसरी ठेवून उजेडात धरली. कडा जुळल्या.

मग तिने खालच्या ओळी वाचल्या. मुलं: तियापुल, मुलगी, वय बारा. मारहुसा, मुलगा, वय नऊ. मारहुसा हा ओम्पु लिंडुंगचा मुलगा, हे तर फलकावरही होतं.

माणूस एकच होता. पहिलं मूल झालं तेव्हा तो त्या मुलाच्या नावाने आमा, म्हणजे बाप, झाला, सगळे होतात तसा. पुढे नातू लिंडुंग जन्मला तेव्हा ओम्पु, लिंडुंगचा आजा. पण पहिलं मूल मुलगी होती. मुली वंशावळीत नसतात, म्हणून तियापुल हे नाव कोणाच्या लक्षात नव्हतं, आणि तियापुलचा बाप म्हणजे कोणी वेगळाच पुरुष वाटला. लाम्रियाने पूर्वज शोधला नव्हता. एकालाच दोनदा मोजलं होतं.

नुर्माइदाला हसू आलं. घरात एकटीला हसू येण्याची तिला सवय नव्हती, म्हणून तिने तोंडावर हात ठेवला. तियापुलच्या नावापुढे समासात दुसऱ्या हस्ताक्षरात काहीतरी बारीक लिहिलं होतं; ते वाचायच्या आधीच तिने कागद मिटला.

साडेतीन वाजले होते. छापखाना सहापर्यंत उघडा असे. फोन टेबलावर होता. तिने चहा ठेवला, प्याली, कप धुतला, पालथा ठेवला. मग आल्याच्या वाफ्यात जाऊन तण काढलं. तण फारसं नव्हतंच. चर्चची सहाची घंटा झाली तेव्हा ती हात धूत होती.

शुक्रवारी लाम्रिया आली. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"हे उद्या अंगावर घ्या," ती म्हणाली. ते उलोस होतं, हाताने विणलेलं, गडद लाल काठाचं. "आणि उद्या स्वयंपाकात अडकून पडू नका. माझ्याजवळ बसा, पुढे."

"पुढे मी कशी बसू? मी घरची लेक. लेकी-जावयांनी वाढायचं असतं."

"जावई कुठाय तुमचा वाढायला?" लाम्रिया म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "तसं नाही एदा. म्हणजे कोण काय म्हणणार आहे तुम्हाला."

"कोणी काही म्हणत नाहीच मला," नुर्माइदा म्हणाली.

लाम्रिया खुर्चीच्या कडेवर बसली. खरोखरच दमलेली दिसत होती. डोळ्यांखाली सूज होती. त्या क्षणी नुर्माइदाच्या ओठांवर आलं होतं. अजून वेळ होता. छापखान्याच्या माणसाला गाठून नुसती एक पट्टी वरून चिकटवता आली असती.

"रात्री झोपच नाही," लाम्रिया म्हणाली. "सारखं मनात येतं, तुम्ही एवढी वर्षं शोधलंत आणि सापडायचं माझ्या नशिबात होतं. गंमत आहे ना?"

"गंमत आहे," नुर्माइदा म्हणाली आणि उलोसची घडी पुन्हा कागदात गुंडाळली.

शनिवारी सकाळी अस्थी समाधीत गेल्या. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली, ढोल-झांजा वाजल्या, आणि दुपारी मांडवात पानं मांडायची वेळ आली. नुर्माइदा मागे, स्वयंपाकाच्या पालाखाली होती. मोठ्या कढईत डुकराचं मटण रक्तात शिजत होतं. तिने बायकांच्या हातून तिरफळं घेतली आणि स्वतः ठेचायला बसली. पालातून मांडव दिसत नव्हता, पण कर्ण्यातून सगळं ऐकू येत होतं.

आधी कौतुक झालं. थोरल्या पातीचे मानाओर काका, वय ब्याऐंशी, फलकापुढे काठी टेकत फिरले असावेत, कारण त्यांचा आवाज जवळ-लांब होत होता. "छान. फार छान केलंस सूनबाई. हे १९१८, या सालात माझी आजी गेली. आता कळलं तिच्याबरोबर आणखी कोण कोण गेलं."

बटाटे सोलणारी एक बाई म्हणाली, "लाम्रियाने नाव काढलं घराण्याचं." नुर्माइदाने खलबत्त्यात जरा जास्त जोर लावला.

मग धाकट्या पातीच्या आमा जोगीचा आवाज आला. चाळीस वर्षांचा, बसचा मालक, तोंडाळ. "थांबा थांबा. पार्लिनदादा इथे सतरावा आहे. मी सोळावा. काल मी याला दादा म्हणत होतो."

"मग?" कोणीतरी विचारलं.

"मग आता मी याचा काका. ये रे बाळ पार्लिन, काकाची सिगरेट पेटव."

मांडव हसला. पार्लिनही हसला, कर्ण्यात त्याचं हसू जरा उशिरा आलं.

"हसण्यावारी नेऊ नका," आमा जोगी म्हणाला. त्याला मजा येत होती, पण बाजूला असलेल्या पातेल्याकडेही त्याचं लक्ष असावं. "डुकराच्या जबड्याचा, मानाचा वाटा वरच्या पिढीला जातो. आजवर आम्ही सगळे सोळावे होतो, तेव्हा थोरली पाती म्हणून पार्लिनदादाला दिला. आता फलकच सांगतोय की आम्ही वरचे. छापलेलं आहे. त्यांच्याच बायकोने छापलंय."

हसणं थांबलं. जबडा उचलून दुसऱ्याच्या पानात ठेवणं ही गंमत नव्हती. एकदा दिला की पुढच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत तो तिकडेच जाणार होता.

"आमा तियापुल," मानाओर काका सावकाश म्हणाले. "आमच्या वडिलांच्या तोंडून हे नाव मी ऐकलं नाही. कोण होता हा?"

"मिशनच्या वहीत आहे, काका," लाम्रिया म्हणाली.

"वहीत असेल. पण मुलगा ना त्याचा, तियापुल? त्याचा वंश कुठे गेला? इथे तर त्याच्या पुढे ओम्पु लिंडुंगच आहे."

कर्ण्यात काही वेळ नुसती घरघर आली. पालाखाली सगळ्या बायका हात थांबवून ऐकत होत्या. नुर्माइदाच्या मनात याच घटकेचं चित्र दोन दिवस होतं. चित्रात लाम्रियाचा चेहरा दिसत होता. इथे कर्ण्यातून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, मोठा, अगदी जवळून आल्यासारखा, आणि त्यात हसू मुळीच नव्हतं. हीच का ती घटका, जिच्यासाठी आपण सहाची घंटा होऊ दिली, असं नुर्माइदाला वाटलं. वाटलं तेवढं गोड लागेना.

"तारखा एदांच्या वहीतल्या आहेत," लाम्रिया म्हणाली. "सगळ्याच. एदा नुर्माइदा. त्यांना विचारा."

म्हणजे नाव आता निघालं. दोष वाटायच्या वेळी. नुर्माइदाने बत्ता खाली ठेवला. बसून राहिली तरी कोणी तिला ओढून नेणार नव्हतं. पण बत्तीस वर्षांत तिने चुकीचा अहवाल एकदाही जाऊ दिला नव्हता, आणि हा एक अहवाल गुरुवारपासून तिच्या पिशवीत होता. तिने लुंगीला हात पुसले, पिशवी घेतली आणि मांडवात गेली.

बिनलग्नाची लेक कुळाच्या बैठकीत बोलत नाही. मानाओर काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग काठीने पुढची जागा दाखवली. "बोल पोरी."

ती साठ वर्षांची होती.

"काका, पार्लिनला गावात काय म्हणतात?"

"आमा दामे."

"दामे कोण?"

"त्याची थोरली. बातामला कारखान्यात आहे ती."

"या फलकावर दामे कुठे आहे?"

काकांनी खरोखर फलकाकडे पाहिलं. पार्लिनखाली तीन मुलगे होते.

"नाही," ते म्हणाले.

"शंभर वर्षांनी कोणाला एखाद्या वहीत आमा दामे सापडला, तर तो कोण म्हणून शोधतील. पार्लिनच्या आधी एक नवा माणूस बसवतील." तिने आलेखाच्या दोन पट्ट्या एकावर एक धरल्या. "आमा तियापुल आणि ओम्पु लिंडुंग एकच आहेत. तियापुल त्यांची पहिली मुलगी. जन्म १८८१. मारहुसा तिचा धाकटा भाऊ. पान इथे आहे, वाचून घ्या."

पान हातोहात फिरलं. दोन-तीन चष्मे बदलले. आमा जोगीनेही वाचलं आणि डोकं खाजवलं.

"म्हणजे मी परत धाकटा भाऊ," तो म्हणाला. "काका होऊन पाव तासही झाला नाही. दादा, ती सिगरेट परत द्या."

या वेळी पार्लिन वेळेवर हसला. जबडा त्याच्या पानात गेला. मानाओर काका म्हणाले की चूक लोकांपुढे टांगून ठेवू नये, म्हणून दोघा जणांनी सुरीने आमा तियापुलची लाल पट्टी फलकातून कापून काढली. तिथे लांबट भोक पडलं आणि त्यातून मागचं तळं दिसू लागलं.

जेवणं उरकल्यावर नुर्माइदा नळापाशी पातेलं घासत होती. लाम्रिया आली आणि उकिडवी बसली. नवी कोरी, घट्ट नेसलेली लुंगी चिखलात टेकली.

"कधी कळलं तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ता, बायकांच्या बोलण्यातून, असं काहीतरी. "गुरुवारी," नुर्माइदा म्हणाली. "साडेतीन वाजता."

लाम्रियाने नळाकडे पाहिलं. तो अर्धवट वाहत होता. तिने हात लांब करून तो बंद केला.

"छापखाना उघडा होता," ती म्हणाली.

"हो."

"मी शुक्रवारी आले होते."

"हो."

नुर्माइदा वाट पाहत होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मोजता येतात.

"तुमचं नाव मी घातलं होतं खाली," लाम्रिया म्हणाली. "तो छापखानेवाला म्हणाला, दोन नावांना ओळ पुरत नाही. मी म्हटलं, बरं, एकच ठेव. माझं ठेव असं म्हटलं नाही मी. पण तुमचं ठेव असंही म्हटलं नाही." तिने बंद नळ आणखी घट्ट पिळला. "आणि दामे नाही त्याच्यावर. आठ महिने मी तो फलक केला, एदा. माझी पहिली मुलगी. तुम्ही विचारलंत तोवर माझ्या लक्षातच आलं नाही."

मांडवातून कोणीतरी हाक मारली: फलकाबरोबर फोटो काढायचे होते, करणारी पाहिजे. लाम्रिया उठली. लुंगीचा चिखल झटकला, खांद्यावरचं उलोस नीट केलं. मांडवाच्या कडेला पोहोचेपर्यंत तिची पाठ सरळ झाली होती, आणि मग तिचं हसू ऐकू आलं. पुन्हा माणसं तिच्याकडे वळली असणार. नुर्माइदाला ते न पाहताही कळलं, आणि जिथे रोज टोचायचं तिथेच टोचलं.

कापलेली लाल पट्टी कचऱ्यात, केळीच्या पानांवर पडली होती, पुन्हा गुंडाळून नळकांडं झालेली. तिने ती उचलली, धुतली आणि पालाखाली फळीवर पसरली. मग पिशवीतून झेरॉक्सचं पान काढलं आणि समासातली ती बारीक ओळ आता वाचली. अविवाहित. मृत्यू १९४४.

जपान्यांच्या दिवसांत घरात एक म्हातारी होती, मागावर विणणारी, असं बाबा सांगत. आपल्या वाट्याचा कसावा ती त्यांना देई, आणि भूक नाही म्हणे. बाबा तेव्हा बारा वर्षांचे होते. तिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. सगळे तिला मागावरची आजी म्हणत.

सहा मीटरच्या त्या फलकावर, घराण्याच्या पट्ट्यांत, एकाच बाईचं नाव होतं. ते नुर्माइदाने आज, पुराव्यासकट, काढून टाकलं होतं.

पट्टीची टोकं पुन्हा वळू लागली. एका टोकावर तिने खलबत्ता ठेवला, दुसऱ्यावर कोपर. लसूण कापायची कात्री फळीवरच होती. तिने ती लुंगीला पुसली आणि आमा या अक्षरांच्या पुढे, जिथे थोडी लाल जागा मोकळी होती, तिथे नीट सरळ कापलं. आमा कचऱ्यात गेला. उरलेला तुकडा तिने पिशवीतल्या आपल्या वहीत, १८८१ च्या पानावर ठेवला, वहीवर खलबत्ता ठेवला, आणि राहिलेली पातेली घासायला घेतली.